कृपया पिन काढू नये

त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर निदान सबब सांगता आली असती. पण ते कुठेही गेलं नव्हतं. कीबोर्डखालून अर्धं बाहेर डोकावत ते तिथेच पडून होतं, आणि रोज सकाळी संगणकापुढे बसलं की आधी त्याच्याशीच नजरानजर व्हायची.

ज्यांना ते आलं होतं त्यांना छापखान्यात सगळे अनुस्वार म्हणत. मूर्ती लहान, आवाज जवळजवळ नाहीच, आणि आयुष्यभर उंच स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या अक्षरांवर नजर ठेवायची. मुद्रितशोधकाला याहून चपखल नाव मिळणं कठीण होतं. त्यांना स्वतःलाही ते आवडलं होतं, पण तसं कुणाला सांगायचा धीर निवृत्तीच्या दिवसापर्यंत झाला नाही.

पत्र लिहिलं होतं पूर्णविरामबाईंनी. छापखान्याचा सगळा कारभार त्या पाहत. कसलाही वाद त्यांच्या टेबलाशी आला की तिथेच संपायचा, म्हणून हे नाव. छापखाना बंद झाला तेव्हा सगळे चार दिशांना पांगले. नंतर कधी यांचं एखादं पत्र जायचं, कधी त्यांचं यायचं. पत्रांत बहुतेक वर्तमानपत्रांतल्या छपाईच्या चुका असायच्या, आणि दोघांनाही त्या वाचून मनापासून हसू यायचं. हे पत्र मात्र वेगळं होतं.

'प्रिय अनुस्वार, जुन्या पुस्तकांचं दुकान काढावं म्हणते. जागा पाहिली आहे. आत दोन खुर्च्या मावतात. एक माझी. दुसरीवर तुम्ही बसणार का? लिहून कळवा. फोन करू नका, फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि मला तो होकार वाटतो. ईमेल करा, पत्ता खाली दिला आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी जागेचा मालक येणार आहे, त्याच्या आत कळलं पाहिजे. एकटीने एवढा पसारा मी मांडणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर दुकानही नाही.'

खाली सही नव्हती. एक टपोरा, ठसठशीत पूर्णविराम तेवढा दिला होता.

अनुस्वारांनी ते पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि मग बराच वेळ बसायचं विसरले. जावंसं वाटत होतं. इतकं वाटत होतं, की त्याचीच भीती वाटली. दुकानात माणसं येणार. ती काहीतरी विचारणार. अमुक पुस्तक चांगलं आहे का, असं कुणी विचारलं तर आपण काय सांगणार? चांगलं म्हणजे नेमकं कसं? आपण ततपप करत राहू, गिऱ्हाईक निघून जाईल आणि पूर्णविरामबाई काही बोलणार नाहीत. त्या काही बोलणार नाहीत, याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

तरीही ते उत्तर लिहायला बसले. आधी नुसतं 'हो' लिहिलं. ते फार उतावळं दिसलं. मग 'हो, परंतु' लिहिलं. ते भित्रं दिसलं. परंतुपुढे एक परिच्छेद झाला, त्याची दोन पानं झाली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरात चुका शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या मजकुरात चुकांशिवाय दुसरं काही दिसेना.

शेवटी एका सकाळी मन घट्ट करून त्यांनी ईमेल उघडायला घेतलं, तर उघडेना. पडद्यावर वाक्य उमटलं: 'नेटवर्क अडॅप्टर आढळला नाही.'

अनुस्वारांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. 'आढळला नाही' म्हणजे काय? अडॅप्टर हा काय दुर्मीळ पक्षी आहे? केबल जागच्या जागी होती. संगणकाच्या मागे, केबल खोचतात तिथला हिरवा दिवा मात्र विझलेला होता. त्यांनी सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. वाक्य तेच. मग खरं सांगायचं तर त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या आनंदात त्यांनी एक कप चहा जास्त घेतला.

दुसऱ्या दिवशी अडॅप्टर हजर! हिरवा दिवा लुकलुकत होता आणि अनुस्वारांनी लगेच मसुदा उघडला. परंतुनंतरचा परिच्छेद तपासता तपासता जेवायची वेळ झाली, जेवण झाल्यावर डोळा लागला, आणि पुढच्या सकाळी अडॅप्टर पुन्हा गायब. मग हेच सुरू झालं. कधी असायचा, कधी नसायचा. असला की यांचा मजकूर तयार नसायचा. मजकूर तयार झाला की तो नसायचा. असं वाटावं, की दोघांनी आपसात ठरवूनच घेतलं आहे.

"दादा, कुणाला तरी दाखव ते यंत्र," असं बहिणीने दारातूनच सांगितलं. ही धाकटी बहीण. साठी उलटली होती, अंगाने भावाच्या दुप्पट होती, तरी घरातलं नाव चिमी ते चिमीच राहिलं. जन्मभर शाळेत मुलांना खेळ शिकवले, त्यामुळे आवाज अजून मैदानावरचाच होता. "रोज सकाळी त्याच्यापुढे बसून सुस्कारे सोडतोस. मला वाटतं घरात प्रेशर कुकर लावलाय."

"आपोआप नीट होईल."

"आपोआप तुझा चष्मासुद्धा कधी सापडला नाही. मी बोलावते त्या दुरुस्तीवाल्यांना."

कोपऱ्यावर संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. तिथले दुरुस्तीवाले गोलमटोल गृहस्थ, कायम शीळ घालणारे. ते यायच्या आदल्या दिवशी चिमीने घर आवरलं, टेबलावर स्वच्छ टेबलक्लॉथ अंथरला. दुरुस्तीवाल्यांनी येऊन संगणक सुरू केला, आणि अडॅप्टर शहाण्या मुलासारखा समोर उभा.

"काका, हा तर फर्स्ट क्लास चाललाय!"

"आज चाललाय," अनुस्वार ओशाळून म्हणाले. "काल नव्हता."

"दुखणं काय आहे ते दुखत असतानाच कळतं ना. बरं, रोज बंद करता का नीट?"

"रोज करतो. पडद्यावर 'बंद करा' असं येतं, तिथे. पडदा पूर्ण काळा झाल्याशिवाय उठत नाही."

"मग झालं तर." दुरुस्तीवाल्यांनी केबल बदलली, शीळ घातली, आणि गेले.

दोनच दिवसांत पुन्हा 'आढळला नाही'. पुन्हा निरोप, पुन्हा आवराआवर, पुन्हा दुरुस्तीवाले आणि पुन्हा त्यांच्यासमोर तो हजर.

"हा तुम्हाला घाबरतो," चिमी म्हणाली. "तुम्ही इथेच राहायला या."

"ताई, जेवण कसं असतं त्यावर आहे," असं म्हणत त्यांनी संगणकाचा खोका उघडला. अडॅप्टर म्हणजे वेगळी वस्तू नसून मुख्य बोर्डावरच चिकटवलेली एक चिप आहे, हे अनुस्वारांना त्या दिवशी समजलं. नखाएवढी. तिच्याकडे बघून त्यांना थोडी कणवच आली. दुरुस्तीवाल्यांनी बोर्डावरची बटणासारखी बॅटरी बदलली, ड्रायव्हर नावाची काही आज्ञावली काढून पुन्हा घातली, धूळ फुंकली आणि जाता जाता म्हणाले, "एकच सांभाळा. वीज मध्येच जायला नको. असल्या नाजूक चिपा झटक्याने खराब होतात. पिनेला कुणी हात लावत नाही ना?"

"आमच्याकडे कोण लावणार?" अनुस्वार म्हणाले. त्या क्षणी चिमी अचानक खिडकीतली कुंडी सरळ करायला लागली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मुद्रितशोधकाला सूचना मिळाली की ती कागदावर यायलाच हवी. त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली, 'कृपया पिन काढू नये', आणि भिंतीवरच्या सॉकेटशेजारी चिकटवली. 'कृपया'नंतर स्वल्पविराम द्यावा की काय, यावर थोडा विचार करून दिला नाही.

त्या दिवसानंतर अडॅप्टर जो गेला तो आलाच नाही.

रोज सकाळी तेच वाक्य आणि तोच विझलेला दिवा. आठवडा सरत आला. आता मात्र अनुस्वारांना हलकं वाटेना. शनिवार आ वासून समोर येत होता. रात्री डोळे मिटले की एक रिकामी खुर्ची दिसायची, आणि तिच्यावर भलतंच कुणीतरी बसायचं. भलतं कुणी बसायचं नाही तेव्हा तर आणखी वाईट: दुकानाला कुलूप दिसायचं.

दुरुस्तीवाले तिसऱ्यांदा आले. या खेपेला तयारीला वेळच मिळाला नव्हता, टेबलावर जुनाच चुरगळलेला कापडाचा तुकडा होता. पडद्यावरचं वाक्य वाचून ते आनंदाने ओरडले, "आढळला नाही! काका, आढळला नाही! अखेर दिसलं बघा!"

"अभिनंदन," चिमी म्हणाली.

पिनेला हात न लावता पडद्यावरच बरीच खटपट झाल्यावर त्यांनी हात टेकले. "चिप गेली, काका. वाईट वाटून घेऊ नका. वेगळं नेटवर्क कार्ड बसवू, फर्स्ट क्लास चालेल. मागवतो. सोमवारी मिळेल."

"शनिवारच्या आधी नाही?"

"शनिवारी काय आहे?"

"काही नाही," अनुस्वार म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

आणि शनिवार उजाडला. संगणक सुरू केला. आढळला नाही. बंद केला, सुरू केला. आढळला नाही. दुपारी त्यांनी उगाचच धुवट शर्ट घातला, पत्र खिशात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं, आणि खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळाने नाक वर करून हुंगलं.

"चिमे, या शर्टाला कांद्याचा वास येतोय."

"येणारच. स्वयंपाकघरात इस्त्री केली की आणखी कसला येणार?"

"स्वयंपाकघरात कशाला?"

"मग कुठे करू?" चिमी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "जाड पिन लागेल असा सॉकेट घरात दोनच ठिकाणी. एक ओट्यापाशी, दुसरा तुझ्या या खोलीत. आणि इथे तू पाटी लावून बसलायस, पिन काढू नये! जसं काही मी रोज येऊन तुझं यंत्र मोडते."

"म्हणजे आधी तू इथे इस्त्री करायचीस?"

चिमीने कमरेवरचे हात खाली घेतले.

"तू दुपारी झोपलास की," ती म्हणाली. मैदानावरचा आवाज कुठे गेला कळेना. "यंत्र बंद आहे हे बघूनच पिन काढायचे रे. इस्त्री झाली की परत लावून ठेवायचे. मग तो मनुष्य म्हणाला झटक्याने चिप खराब होते, तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. म्हटलं, मीच मारलं याचं यंत्र. तुला कसं सांगणार? तेव्हापासून हातसुद्धा लावला नाही, देवाशपथ."

"तेव्हापासून लावला नाहीस," अनुस्वार सावकाश म्हणाले, "आणि तेव्हापासूनच तो नाही."

चिमीने सॉकेटशेजारच्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"टेबलक्लॉथ!" अनुस्वार खुर्चीतून उठले. "दुरुस्तीवाले येणार म्हणून तू टेबलक्लॉथला इस्त्री केलीस. दोन्ही वेळा!"

"मग, घरात चार माणसं येणार म्हटल्यावर—"

"आणि दोन्ही वेळा तो चालू होता! परवा केली नाहीस, तर नव्हता. चिमे, तू बिघडवत नव्हतीस गं. तूच दुरुस्त करत होतीस!"

चिमीने आधी खुर्ची शोधली, बसली, आणि मग एवढ्यांदा हसली की शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं. डोळे पुसत म्हणाली, "पण तुझं एवढं काय अडलंय आज? सोमवारी कार्ड येतंय ना?"

अनुस्वारांनी खिशातून पत्र काढून तिच्या हातात दिलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिने ते वाचलं. टपोऱ्या पूर्णविरामापर्यंत वाचलं.

"हे कधी आलं?"

"महिन्याच्या सुरुवातीला."

"आणि तू?"

"नेटवर्क नव्हतं ना."

"टपालाची पेटी काय त्या चिपेवर चिकटवली होती? कोपऱ्यावर आहे! तिला वायरसुद्धा लागत नाही! एवढ्या दिवसांत उत्तर पायी चालत गेलं असतं, दादा!"

हे अनुस्वारांना सुरुवातीपासून ठाऊक होतं, फक्त असं मोठ्याने कुणी म्हटलं नव्हतं.

"मला गिऱ्हाइकांशी बोलता येणार नाही," ते भिंतीला म्हणाले.

"ती बोलेल."

"मी मग करू काय?"

"गप्प बस. ते तर तुला येतंच."

"आणि तू दिवसभर इथे एकटी..."

"एकटी?" चिमी उठून उभी राहिली. "अरे, तू दिवसभर घरात, म्हणून मला साधं मोठ्याने गाणंसुद्धा म्हणता येत नाही. चुकीचा शब्द म्हटला की तिकडून खोकतोस! जा बाबा. जायचंय की नाही तुला, ते सांग आधी."

अनुस्वार वळले. त्यांनी मान हलवली. वर, खाली. अगदी स्पष्ट.

"मग फोन लाव त्या शीळवाल्याला. आणि पिन काढते मी."

दुरुस्तीवाल्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"काका," ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, रोज बंद करता का, म्हणून."

"आणि मी हो म्हणालो होतो."

"तुमचं बंद आणि माझं बंद एक नव्हतं हो! तुम्ही पडद्यावर बंद करता, पण भिंतीतून थोडी वीज आत येतच राहते. खोका झोपतो, ती चिप अर्धवट जागीच राहते. तशात ती कधी कधी अशी अडकते, की सकाळी हाक मारली तरी ओ देत नाही. ताई पिन काढायच्या तेव्हा ती खरोखरची बंद व्हायची, आणि पुढच्या वेळी ताजी उठायची. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला पाहिजे होतं. कान पकडतो. आता असं करा: पिन बाहेर काढून सुरू करायचं बटण दाबून धरा, म्हणजे आत साठलेलीही निघून जाईल. मग जरा थांबा. मग लावा."

चिमीने चिठ्ठीसकट पिन उपटली. अनुस्वारांनी बटण दाबून धरलं. खोक्यातला पंखा एकदा किंचित थरथरला आणि थांबला.

"गेली का रे?"

"गेली असावी."

"असावी काय! नीट दाब. खो-खोतला खांब धरल्यासारखा धर."

थोडं थांबून पिन लावली. संगणक सुरू झाला. दोघं भाऊबहीण मागच्या बाजूला वाकून उभे. आधी काहीच नाही. मग केबलच्या तोंडाशी एक हिरवा ठिपका उमटला, विझला, आणि लुकलुकायला लागला.

"आढळला!" चिमी ओरडली. फोनमधून दुरुस्तीवालेही ओरडले. अनुस्वार मात्र पटकन खुर्चीत बसले. आता काही म्हणजे काहीच मध्ये उभं नव्हतं.

त्यांनी मसुदा उघडला. 'हो, परंतु' पासून सुरू झालेली ती दोन पानं पडद्यावर आली. चिमी खांद्यावरून वाचायला लागली.

"हे काय? तिने हो की नाही विचारलंय, निबंध नाही मागितला."

"थोडं तपासून..."

"बाहेर बघ. उन्हं उतरली. मालक आला असेल आता तिच्या दारात."

खरंच समोरच्या भिंतीवरचं ऊन वरच्या मजल्यापर्यंत गेलं होतं. अनुस्वारांनी सगळा मजकूर एकदम निवडला. दोन पानं निळी झाली. क्षणभर त्यांना वाटलं, तिसरा परिच्छेद तरी वाईट नव्हता. मग एकच कळ दाबली आणि पडदा पांढरा झाला. त्यांनी भराभरा लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा न वाचता, आणि 'पाठवा'वर टिचकी मारली.

कागदाचं विमान उडावं तसं चिन्ह पडद्यावरून सरकन गेलं.

"गेलं?"

"गेलं."

"काय लिहिलंस बघू."

पाठवलेल्या पत्रांत एक ओळ होती: 'हो. दूसरी खुर्ची माझी.'

चिमी वाचून हसली, पण अनुस्वारांचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय झालं रे?"

"दुसरीतला दु," ते कसंबसं म्हणाले. "ऱ्हस्व असतो. मी दीर्घ दिला."

"मग?"

"परत घेता येत नाही."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. नको नको म्हणताना त्यांना हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, आणि मग चक्क आवाज करून. उत्तर गेलं होतं, चुकीसकट.